साडेएक

मंदाकाकू रेशीमवाले, राजेंद्रनगर, इंदूर.
वय ब्याऐंशी. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
उजव्याचं दिवाळीनंतर.
नातू निनाद बंगळूरला जाण्याआधी
जुन्या कॉम्प्युटरला एकेचाळीस गोष्टी पढवून गेला:
कधी जागं व्हायचं, कोणतं स्टेशन धरायचं,
किती सेकंद ऐकायचं, कुठे नेऊन ठेवायचं.
पढवलं ते सगळं आकड्यांत आणि चांदण्यांत.

पंचेचाळीस, पाच, चांदणी, चांदणी, दोन.

"हे माझंच ना गं?" काकूंनी विचारलं,
"मग मला का वाचता येत नाही?"

म्हणून वरच्या मजल्यावर, भांडी उपडी घातल्यावर,
मी एक छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली.
शून्य म्हणजे रविवार, दोन म्हणजे मंगळवार,
सत्तावीसशे सेकंद म्हणजे पाऊण तास.
इथवर सोपं होतं.
चांदणी भागिले दोन काय ते सांगितलं, तर म्हणाल्या,
"म्हणजे नर्मदेसारखं. एक दिवसाआड."
हो, पण महिना एकतिसाचा असला
की हे सलग दोन दिवस येतं.
"आमच्या नळाला सांग हे."

पंधराला सव्वा, तिसाला साडे.
पंचेचाळीसला पावणे, आणि पावणेला
पुढचा तास लागतो:
अजून न आलेल्याच्या नावावर वाण्याकडून
सामान उचलावं, तसं.
पहिला कागद मोठ्या टायपात छापून खाली नेला.
भिंग सरकत गेलं, अडलं.
साडेएक.
हसता हसता चष्मा काढावा लागला त्यांना.
"अगं, घड्याळाने ऐकलं तर बंद पडेल."

मग दीडसाठी एक वेगळी ओळ, अडीचसाठी एक.
सगळ्या तासांना एकच नियम,
आणि दुपारी जेवून आडव्या झालेल्या या दोघांना सूट.

बुधवारी साडेनऊला दोन स्टेशनं एकमेकांवर आली होती.
मी तिथे "टक्कर" छापलं.
"टक्कर काय, टेम्पो आहेत का?
'दोन्ही जमणार नाही' असं लिही."
लिहिलं.
एकदाच व्हायच्या नोंदीपुढे "परवा" छापलं.
"झालेला की यायचा?"
स्क्रिप्टला ठाऊक होतं, मराठीला नव्हतं.
तारीख घातली.

शेवटची, एकेचाळिसावी ओळ:
रोज, पावणेपाच, दहा मिनिटं.
स्टेशनच्या जागी माइक.
निनादची चाचणी राहून गेली असेल, काढून टाकते, मी म्हटलं.

"राहू दे. मीच सांगितलं होतं त्याला.
तेव्हा मी बागेत फिरायला जाते ना.
मी नसताना घर काय करतं,
ते एकदा ऐकायचं होतं."
ऐकलंत?
"कोणती फाइल ते कुठे कळतंय."

आता कळत होतं. मंगळवारची लावली.
फ्रिज. भिंतीवर कॅलेंडर आपटतंय.
पत्र्यावरून खार गेली, परत आली.
लांबून भंगारवाला, हिंदीत.
मग बराच वेळ फ्रिजच.
मग फोन.
अकरा वेळा वाजला
आणि घरातलं कुणी उठलं नाही.

काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"कोणाचा असेल गं?"

माझा होता. ऑफिसातून.
बारा पंचेचाळीसला काय म्हणतात,
पावणेएक लिहू का,
एवढंच विचारायचं होतं.

"पाऊण," काकू म्हणाल्या, "नुसतं पाऊण वाजला,"
आणि कागद पुढे ओढून
माइक खोडला, शेजारी जाड पेनाने,
शिरोरेघ न देता,
लिहिलं: घर.